टेक्सासमधलं लग्न टिकतं का?

प्रश्न : ताई, माझ्या लहान भावानं टेक्सासमध्ये त्याच्या पार्टनरशी लग्न केलं, पण तिथल्या राज्यघटनेत अजूनही लग्न फक्त बाई अन् माणसाचंच असं लिहून आहे म्हणे. आई घाबरून गेली आहे. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आईला सांगा, लग्न पक्कं आहे. २०१५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला अन् सगळ्या राज्यांची समलिंगी लग्नांवरची बंदी बाद झाली, टेक्सासचं २००५ चं कलम कागदावर तसंच पडून आहे पण लागू करता येत नाही. उद्या निकाल फिरला तर ते कलम परत जिवंत होऊ शकतं, म्हणूनच २०२२ चा अमेरिकेच्या केंद्राचा कायदा मोलाचा, त्यानं एका राज्यात झालेलं लग्न दुसऱ्या राज्यांना मानावंच लागतं. आपल्या सुप्रीम कोर्टानं मात्र २०२३ ला हा विषय संसदेवर सोडला, मला ते फार लागलं. म्हणजे हे लग्न नागपुरात रजिस्टर होणार नाही.