वाचकांचे प्रश्न : शुभंकर कागदावरून मैदानात

प्रश्न : खेळांच्या स्पर्धांचा पहिला प्राणी-शुभंकर (मॅस्कॉट) नेमका कधीचा? कुठे १९६६ वाचायला मिळतं, कुठे १९७२.

उत्तर : दोन्ही बरोबर, स्पर्धा वेगळ्या. १९६६च्या इंग्लंडमधल्या फुटबॉल विश्वचषकासाठी ‘विली’ हा सिंह आला, अंगात ब्रिटिश झेंड्याची जर्सी घालून. ऑलिंपिकचं म्हणाल, तर पहिला अधिकृत शुभंकर १९७२च्या म्युनिकचा ‘वाल्डी’, म्हणजे लांबुडक्या अंगाचा, आखूड पायांचा डॅक्सहुंड कुत्रा. तिथल्या मॅरेथॉनचा मार्गसुद्धा नकाशावर वाल्डीच्याच आकाराचा आखला होता. १९६८ला ग्रेनोबलच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ‘शुस’ होता खरा, पण तो स्कीवरचा माणूस, आणि तोही अनधिकृत. आपला अप्पू हत्ती त्यानंतरचा, १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांचा.

प्रश्न : स्पर्धेसाठी प्राणी निवडायचा आहे. वाघ-सिंह सोडून काही चालेल का? आणि चित्रकाराला काय काय सांगायचं?

उत्तर : प्राणी कुठलाही चालतो, त्याचा खेळाशी किंवा जागेशी धागा जुळला म्हणजे झालं. ब्राझीलने २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाला तीन पट्ट्यांचा आर्माडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेला छोटा प्राणी, घेतला. हा प्राणी घाबरला की अंगाचा चेंडू करतो. फुटबॉलला याहून चपखल काय हवं! वाघच हवा असेल तर १९८८च्या सोलचा ‘होडोरी’ निरखून पाहा. त्याच्या डोक्यावर कोरियन लोकनर्तकांची टोपी आहे आणि तिची लांब फीत इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली. त्या एका टोपीने वाघाचा दरारा उतरला आणि देशही कळला. स्पर्धेचं बोधचिन्ह कुठे बसवावं हे मॉस्कोच्या (१९८०) मिशा अस्वलाकडून शिकावं. पाच कडी त्याच्या कमरपट्ट्याच्या बकलवर आहेत. छातीवर चिकटवली असती तर अस्वलाचा जाहिरातफलक झाला असता.

चित्रकाराकडून आधी आकृती पूर्ण काळी भरून घ्या. नुसत्या सावलीवरून प्राणी ओळखू आला नाही, तर रंगांनी तो वाचणार नाही. मग तेच चित्र २ सेंटिमीटर उंचीचं छापून बघा. समोरून, बाजूने, पाठीमागून आणि तिरपं, अशी चार चित्रं एकाच उंचीच्या आडव्या रेघांवर मागा. पाठीचं चित्र नसलं की वेश शिवणारा शिंपी शेपूट वाटेल तिथे लावतो. रंग तीन-चारच. टोपीवरच्या भरतकामासाठी एकरंगी आवृत्ती वेगळी हवी, कारण १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ दोऱ्यात धड उतरत नाही.

मुख्य म्हणजे, आत माणूस शिरणार आहे हे चित्र काढतानाच धरून चाला. कागदावर आखूड पाय गोंडस दिसतात, पण माणसाचे पाय त्याच्या उंचीच्या जवळपास निम्मे असतात. मग पोट गुडघ्यापर्यंत लोंबतं आणि शुभंकर पायरी चढू शकत नाही. बीजिंगने २००८ला पाच ‘फुवा’ केले. त्यांच्या नावांतली अक्षरं ओळीने वाचली की ‘बीजिंग तुमचं स्वागत करतं’ असं चिनी वाक्य होतं. कल्पना सुरेखच, पण पाच शुभंकर म्हणजे पाच वेश आणि आत शिरायला पाच माणसं. लहान स्पर्धेला एक पुरे.

प्रश्न : आमच्या शुभंकराचं डोकं पुढे झुकतं, आतून काही दिसत नाही आणि माणूस दहा मिनिटांत घामाघूम होतो. काय चुकलं?

उत्तर : डोकं बहुधा फोमचे थर चिकटवून भरीव केलं असणार. ते पोकळ हवं. १० मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचं (चपलांच्या तळव्याला असतो तसला हलका फोम) कवच करा आणि आत मागची चकती फिरवून घट्ट होणारं, हनुवटीचा पट्टा असलेलं हेल्मेट बसवा. कवच आणि हेल्मेट यांच्यामध्ये चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, वारा तिथूनच खेळतो. झुकण्याचं कारण नाकाड. ते शक्य तितकं हलकं करा आणि पंख्याची बॅटरी मानेच्या मागे ठेवा, तोल आपोआप सावरेल.

पंखा बहुतेक जण तोंडावर वारा येईल असा लावतात. चूक. हवेला बाहेरची वाट नसली की तीच दमट हवा आत फिरत राहते. साधारण १२ सेंटिमीटरचा पंखा डोक्याच्या माथ्यापाशी, केसांच्या झुबक्याआड, हवा बाहेर फेकेल असा लावा. ताजी हवा जबड्यातून आत येईल. जबड्यापाशी टिशू कागदाचा तुकडा धरा. तो आत ओढला गेला तर पंखा बरोबर लागलाय.

दिसण्याचं म्हणाल तर डोळ्यांच्या जागची जाळी आतून काळी हवी. पांढरी जाळी उजेड परत डोळ्यांवर फेकते आणि समोर धुकं दिसतं. बाहेरून हवा तो रंग द्या, पण फक्त वरवर, भोकं न बुजवता. एवढं करूनही पायाखालचं दिसत नाहीच, त्यामुळे सोबतीला एक माणूस कायम हवा, शुभंकराच्या बाजूला आणि किंचित मागे. मुलं शेपूट मागूनच ओढतात. आतला माणूस बोलत नाही, म्हणून खूण आधीच ठरवा. दोनदा हात दाबला की लगेच बाहेर. वीस मिनिटं आत, निदान तेवढाच वेळ बाहेर. उन्हात दहा-पंधराच मिनिटं.

प्रश्न : उद्घाटनाला खरा प्राणी आणावा का?

उत्तर : नको. २०१६च्या जूनमध्ये ब्राझीलच्या मनाउस शहरात ऑलिंपिक ज्योतीच्या कार्यक्रमात ‘जुमा’ नावाची जॅग्वार (बिबट्यासारखा ठिपकेदार प्राणी) मादी साखळदंडाने बांधून उभी केली होती. कार्यक्रमानंतर ती सुटली, भुलीच्या मात्रेनेही आवरेना आणि एका सैनिकाच्या अंगावर जाऊ लागली तेव्हा तिला गोळी घालावी लागली. परवानगी देण्यात चूक झाली, असं आयोजकांनी मान्य केलं.

प्रश्न : फरचा वेश धुवायचा कसा?

उत्तर : डोकं धुवायचंच नाही. प्रत्येक वापरानंतर आतल्या अस्तरावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून फवारा, मग पंख्यासमोर ठेवा. अंगाचा भाग उलटा करून गार पाण्यात, सौम्य साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. गरम हवेच्या ड्रायरमध्ये कृत्रिम फरची टोकं वितळून गुठळ्या होतात, त्या पुन्हा सुटत नाहीत. ओलसर वेश पेटीत भरला तर दुसऱ्या दिवशी आत कुणी शिरायला तयार होणार नाही.