बॅटरीचा खर्च गाडीच्या उरलेल्या आयुष्यावर वाटा

आपण जळगावच्या पिंप्राळा भागातून लिहिले आहे. एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये आपण हिशेबाचे काम पाहता, महिन्याला २४,००० रुपये हाती येतात, घरखर्च भागवून जेमतेम २,००० रुपये उरतात आणि बचत खात्यात ४०,००० रुपये आहेत. अडीच वर्षांपूर्वी ५२,००० रुपयांना घेतलेली, ताशी २५ किलोमीटरची, विजेवर चालणारी स्कूटर सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये ५५ किलोमीटर जात असे. आता ती २० किलोमीटरलाच मान टाकते. आपल्यापुढे चार पर्याय आहेत. पूर्वीसारखाच पाच लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच १७,५०० रुपयांना मिळतो, लिथियम पॅक चार्जरसह ३४,००० रुपयांना मिळतो, ओळखीतली जुनी पेट्रोल स्कूटर ३५,००० रुपयांना मिळते, आणि एका डीलरने आखाजीपर्यंतच्या (अक्षय तृतीयेपर्यंतच्या) एक्स्चेंज योजनेत नोंदणीकृत नवी इलेक्ट्रिक स्कूटर १,०५,००० रुपयांना देऊ केली आहे, ज्यात आपल्या गाडीचे ८,००० रुपये वळते होतील. नवी बॅटरी घेताना जुन्या संचाचे भंगाराच्या वजनावर ३,५०० रुपये मिळतील, असेही आपण कळवले आहे.

आपल्या परिस्थितीत लेड-ॲसिडचा संच घ्यावा, या गाडीत लिथियम घालू नये आणि नव्या गाडीचा विचार दोन वर्षे पुढे ढकलावा, असे माझे मत आहे. ते का, हे आकड्यांवरून पाहू.

आपले जाणे-येणे रोज साधारण १८ किलोमीटर, म्हणजे बाजारहाट धरून वर्षाला ६,००० किलोमीटर होते. अशा हलक्या स्कूटरला चार्जरमधील घट धरून किलोमीटरला सुमारे ४० वॅट-तास वीज लागते, असे मानले तर वर्षाला २४० युनिट होतात. महावितरणच्या बिलातील सर्व आकार मिळून युनिटला ११ रुपये धरले तरी हा खर्च २,६४० रुपयांच्या वर जात नाही, म्हणजे किलोमीटरला ४४ पैसे. गाडी विकताना दुकानदार एवढाच आकडा सांगतो आणि तो खोटाही नसतो. परंतु भंगाराचे पैसे वजा जाता १४,००० रुपयांना पडणारा बॅटरी संच दोन वर्षे चालला, तर वर्षाला ७,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला १ रुपया १७ पैसे केवळ बॅटरीचे होतात. विजेवरच्या स्वस्त गाडीचे खरे इंधन बॅटरी हेच आहे. ते रोज न भरता दोन-अडीच वर्षांनी एकदम भरावे लागते, म्हणून अंगावर येते.

टायर, ब्रेक आणि किरकोळ दुरुस्तीचे २,००० रुपये धरून या गाडीचा वर्षाचा खर्च ११,६०० रुपयांच्या आसपास जातो. जुन्या पेट्रोल स्कूटरला ४५ किलोमीटरची सरासरी आणि लिटरला १०५ रुपये भाव धरला, तर पेट्रोलच १४,००० रुपयांचे होईल. सर्व्हिसिंग, ऑइल आणि विमा मिळून आणखी साडेतीन हजार. एकूण १७,५०० रुपये, आणि त्याशिवाय ३५,००० रुपये आधी मोजायचे. हा पर्याय इथेच सोडून द्यावा.

खरा पेच लिथियमचा आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की लेड-ॲसिड ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन संपते, तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट पॅक १,५०० वेळांच्याही पुढे जातो, म्हणून दुप्पट पैसे देऊनही तो स्वस्तच पडतो. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. भंगाराचे पैसे वजा करून लिथियम आपल्याला ३०,५०० रुपयांना पडेल. तो पाच वर्षे वापरला तर वर्षाला ६,१०० रुपये, म्हणजे लेड-ॲसिडपेक्षा ९०० रुपयांनी कमी. चार वर्षे वापरला तर ७,६२५ रुपये, म्हणजे थोडा महाग. पण पाच वर्षे वापरण्यासाठी पॅक टिकून भागत नाही, ज्या गाडीत तो बसवला ती गाडीही पाच वर्षे रस्त्यावर राहिली पाहिजे. आपण लिहिता की पुढचे शॉकॲब्सॉर्बर एकदा बदलले आहेत, कंट्रोलर एकदा जळाला होता आणि ज्या दुकानातून गाडी घेतली ते बंद झाले आहे. अशा गाडीची आणखी पाच वर्षांची हमी मी धरणार नाही. ती दोन वर्षांत संपली, तर लिथियमचा खर्च वर्षाला १५,२५० रुपये होतो. नोंदणीकृत नव्या स्कूटरला तिची स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे हा पॅक पुढच्या गाडीत नेता येईल ही आशाही नको. बॅटरी किती वर्षे चालेल यापेक्षा गाडी अजून किती वर्षे चालेल यावर बॅटरीचा खर्च वाटावा, आणि या दोहोंतील लहान आकडा धरावा.

शिवाय भंगाराचे पैसे वजा करूनही ३०,५०० रुपये दिल्यावर बचत खात्यात ९,५०० रुपये उरतील. जूनमध्ये मुलीचा अकरावीचा प्रवेश आहे. घरखर्चाच्या पंधरा दिवसांपुरतीही गंगाजळी न ठेवता वर्षाला ९०० रुपये वाचवण्याच्या मागे लागणे मला पटत नाही. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी, अंगाने धडधाकट आणि सुटे भाग मिळणारी गाडी असती, तर मीच आपल्याला लिथियमकडे वळवले असते.

लिथियमवाल्या दुकानदाराने ‘स्पीड लॉक काढून ४५ चा वेग करून देतो’ असेही सुचवले आहे. हे मुळीच करू नये. ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग आणि २५० वॅटपर्यंतची मोटर यांमुळेच या गाडीला नोंदणी, परवाना आणि सक्तीच्या विम्यातून सूट आहे. वेग वाढवला की ती कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी, विनाविमा मोटारवाहन ठरते. शहरातून जाणाऱ्या महामार्गावर ट्रकांच्या गर्दीत दुर्दैवाने अपघात झाला आणि समोरच्याची भरपाई आपल्यावर आली, तर आज आपण मोजत असलेले सगळे आकडे निरर्थक ठरतील.

नव्या स्कूटरचे गणित तर आणखी सरळ आहे. ८,००० रुपये वळते करून आणि २७,००० रुपये रोख भरून ७०,००० रुपयांचे कर्ज, तीन वर्षे, ‘फक्त ११ टक्के’. हा ११ टक्के फ्लॅट रेट आहे, म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असतानाही व्याज पूर्ण ७०,००० रुपयांवरच आकारले जाते. व्याज २३,१०० रुपये, हप्ता सुमारे २,५८६ रुपये. घटत्या शिलकेवर मोजल्यास हा दर साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे महिन्याला उरतात २,००० रुपये. हप्ता शिलकेपेक्षा मोठा असताना योजना आखाजीपर्यंत आहे की दिवाळीपर्यंत, याने काही फरक पडत नाही. विजेवरच्या वाहनावर जीएसटी ५ टक्के आणि सुट्या बॅटरीवर १८ टक्के, म्हणून ‘बॅटरी बदलण्यापेक्षा गाडीच घ्या’ असा युक्तिवाद डीलर करतो. पण १७,५०० रुपयांवरील कराचा फरक वाचवण्यासाठी लाखाची खरेदी करणे हा व्यवहार नव्हे.

आता संच घेण्यापूर्वीची एक गोष्ट, जिच्यावर आपले काही हजार रुपये अवलंबून आहेत. पाचही बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांतील एक बसली तरी संपूर्ण गाडी बसते. रात्री पूर्ण चार्ज करावे, सकाळी दोन-तीन तास गाडी तशीच ठेवून मेकॅनिककडून प्रत्येक बॅटरी वेगळी करून लोड टेस्टर (भार टाकून व्होल्टेज मोजणारे उपकरण) लावून घ्यावा. लोड नसताना चांगली बॅटरी १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते. लोड लावताच जी झरझर साडेदहाच्या खाली उतरते ती संपली. चार ठीक आणि एकच गेलेली निघाली, तर त्या चारांच्याच वयाची एखादी चांगली वापरलेली बॅटरी बसवून काही महिने काढता येतात. मात्र जुन्या चारांत कोरी करकरीत एक घालू नये. ती इतरांच्या पातळीवर ओढली जाते आणि पैसे वाया जातात. आपल्या संचाचे वय पाहता तीन तरी गेलेल्या निघतील असा माझा अंदाज आहे, पण तपासणीला फारसा खर्च नाही.

त्याच वेळी चार्जरही तपासून घ्यावा. आपण लिहिले आहे की हल्ली रात्रभर लावूनही हिरवा दिवा लागत नाही आणि सकाळी बॅटऱ्या हाताला गरम लागतात. बॅटऱ्या खराब झाल्यानेही असे होते आणि चार्जर वेळेवर तोडत नसल्यानेही होते. दुसरे कारण असेल तर नवा संच त्याच चार्जरवर सहा महिन्यांत फुगेल, आणि अशा वेळी वॉरंटीही हात वर करते.

संच पक्क्या बिलावरच घ्यावा. बिलाशिवाय १,५०० रुपये कमी सांगतील, ते नको. बॅटरीच्या माथ्यावर कोरलेला क्रमांक बिलावर पाचही बॅटऱ्यांसाठी लिहून घ्यावा, आणि त्यातील उत्पादनाचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्यावा. दुकानात आठ-दहा महिने चार्ज न होता पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी नवी म्हणवत असली तरी आतून थकलेली असते.

हा संच दोन वर्षांच्या पुढे नेणे बरेचसे आपल्या हाती आहे. रोजच्या १८ किलोमीटरमध्ये नवा संच एक तृतीयांशच रिकामा होतो, आणि लेड-ॲसिडला असा वरचेवर थोडा वापर मानवतो. तिला मारतात त्या आपल्या रविवारच्या भुसावळच्या फेऱ्या, ज्यात जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होऊन बॅटरी तळाला जाते. भुसावळला रेल्वेने जावे. अर्ध्या तासाचा प्रवास आहे आणि महामार्गावर २५ च्या वेगाने जाण्याचा धोकाही टळतो. आपल्याकडच्या वैशाखात पारा ४४-४५ वर असताना कामावरून येताच पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग लावणेही बॅटरीचे आयुष्य खाते. रात्री जेवणानंतर, गाडी निवल्यावर लावावे. मात्र रिकामी बॅटरी दोन-तीन दिवस तशीच ठेवू नये.

उरला प्रश्न पुढच्या तयारीचा. महिन्याच्या २,००० रुपयांतून ६०० रुपये पुढच्या बॅटरीसाठी आणि ९०० रुपये पुढच्या गाडीसाठी बाजूला काढावेत. दोन वर्षांत अनुक्रमे १४,४०० आणि २१,६०० रुपये, अधिक व्याज, जमा होईल. गाडी तोवर धडधाकट राहिली तर पहिली रक्कम संचाला लागेल, नाही तर दोन्ही मिळून डाऊन पेमेंट होईल. यासाठी पगार जमा होतो त्याच बँकेत दोन वर्षांची आवर्ती ठेव उघडावी. टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांपूर्वी बंद करता येत नाही, म्हणून ती या कामाला उपयोगाची नाही. आपण भिशीचे किंवा गल्लीतील पतसंस्थेच्या जास्त व्याजाचे विचारले आहे. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींची गोष्ट जळगावकराला मी नव्याने सांगायला नको. बॅटरी ज्या दिवशी बंद पडते त्या दिवशी पैसे हाती असावे लागतात, म्हणून अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळाले तरी चालेल.

संचाचे १४,००० रुपये बचतीतूनच द्यावेत, हप्त्याने घेऊ नये. खात्यात २६,००० रुपये राहतील, ज्यातून मुलीच्या प्रवेशाचा खर्च भागेल. आणि प्रवेशाची फी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, तर गाडीसाठीचे ९०० रुपये काही महिने थांबवावेत, बॅटरीचे ६०० मात्र चालू ठेवावेत.