जालन्याहून एकट्याने दोन दिवस बाइकवर डोंगरात जायचंय, घाटाची सवय नाही. कुठला रस्ता धरू?

१२५ सीसीची गाडी, सप्टेंबर महिना आणि हातात दोनच दिवस, असं तुम्ही लिहिलंय. मग माळशेज-महाबळेश्वरचा नाद सोडा, निम्मा वेळ सपाट हायवेवरच जाईल. अजिंठा-सातमाळ्याची रांग आपल्या उशाशी आहे. पहिल्या दिवशी संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ करून वेरूळला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कन्नड, औट्रम घाट (आपल्याकडे सगळे कन्नडचा घाटच म्हणतात) आणि परत.

पहिला दिवस जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा. दौलताबादला रस्ता तटबंदीच्या अरुंद दरवाजातून जातो. सुटीच्या दिवशी तिथे चारचाकी अडकल्या की दुचाकीलाही वाट मिळत नाही, म्हणून सकाळीच पार व्हा. पुढचा खुलताबादचा चढ छोटा आहे, पण वळणं खरी आहेत. हात बसवायला उत्तम. श्रावण सप्टेंबरात येत असेल तर शुक्रवारची रात्र आणि शनिवार टाळा, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. म्हैसमाळ हजार मीटरच्या थोडं वर आहे. दुपारनंतर ढग उतरले की समोरचं दिसत नाही, तेव्हा चारच्या आत खाली या. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात.

आता घाटाचं. कन्नडचा घाट चढताना कुणी फारसं चुकत नाही, चुका उतरताना होतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. १२५ सीसीला बहुतेक ठिकाणी दुसरा, वेग पंचवीस-तीस. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेकचे लायनर सतत दाबून तापले की पकड कमी होते. पायाखालचा ब्रेक आधीपेक्षा खोल जायला लागला किंवा जळका वास आला, तर बाजूला थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना मारायचा. मारायचा आणि सोडायचा, दाबून धरायचा नाही.

स्कूटर नेणार असाल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिचा क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. वेग फार कमी झाला की तो सुटतो आणि इंजिनची पकड एकदम जाते, गाडी मोकळी पळायला लागते. अशा वेळी किंचित ॲक्सिलरेटर देऊन क्लच पुन्हा धरवावा लागतो. जमतं, पण पहिल्या घाटासाठी गिअरचीच गाडी बरी.

तीव्र वळणावर एसटी समोरून आली तर आतल्या बाजूला शिरू नका. लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून कापत जातात आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. २०२३ साली हायकोर्टाच्या आदेशाने कन्नडच्या घाटातून जड मालवाहू वाहनं बंद झाली, त्यामुळे दुचाकीवाल्याला बराच मोकळा श्वास मिळाला. निघण्याआधी घाट चालू आहे का, हे कन्नडच्या पंपावर विचारून घ्या.

विचारायचं कारण दरड. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस इथे मोठ्या दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. डोंगर काळ्या कातळाच्या थरांचा आहे. दोन थरांमध्ये कुठेकुठे विटेसारख्या रंगाचा तांबड्या मातीचा पट्टा असतो. पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपतं, या पट्ट्याशी अडतं, माती मऊ होते आणि वरचा दगड आधार सुटून खाली येतो. म्हणून ज्या कड्यातून गढूळ पाणी गळतंय किंवा रस्त्यावर ताजे, धारदार कडांचे दगड पडलेत, तिथे फोटोला थांबू नका. रात्रभर जोराचा पाऊस झाला असेल तर घाट सोडून द्या, कन्नडपर्यंतच जा. एरवी धुकं निवळल्यावर, दहाच्या सुमारास घाटात शिरा. खाली खानदेशचं सपाट मैदान तेव्हाच उघडं दिसतं.

घाटाआधी डाव्या हाताला पितळखोऱ्याचा फाटा आहे. जुनी बौद्ध लेणी, खाली बऱ्याच पायऱ्या, ओल्या झाल्या की निसरड्या. घाट उतरून चाळीसगावकडून पाटणादेवीचं देऊळ करता येतं. एका दिवसात दोन्ही करू नका. मी पितळखोरा निवडेन, कारण तिथून परतीचा रस्ता छोटा आहे. हा सगळा भाग गौताळा अभयारण्याचा, तिथे बिबटे आहेत आणि मोबाइलला रेंज धड नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि गाडी सोडून एकट्याने झाडीत जाऊ नका. वनखात्याचा क्रमांक १९२६, हायवेचा १०३३, बाकी कशालाही ११२.

सोबत काय? ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या पट्ट्या, टोच्या आणि छोटा पंप. ट्यूबचं असेल तर पुढच्या चाकाची एक ट्यूब घ्या. दोन्ही चाकं सतरा इंचीच असतील तर ती मागच्या चाकातही वेळ निभावून नेते, मागची मात्र पुढे नीट बसत नाही. नवी क्लच वायर जुन्या वायरला लागूनच चिकटपट्टीने बांधून ठेवा. तुटली की टाकी न काढता फक्त दोन टोकं जोडायची. हवा साखळीच्या कव्हरवर लिहिलेली असते तेवढीच भरा. ओल्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून कमी करायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

परतताना संभाजीनगर दिवसाउजेडी मागे टाका. जालना रोडवर तिन्हीसांजेला बिनलाइटच्या ट्रॉल्या असतात, आणि शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती भर पावसात डांबरावर साबणासारखी पसरते. असा काळा पट्टा दिसला की ब्रेक लावू नका. ॲक्सिलरेटर सोडून, हँडल सरळ धरून त्यावरून निघून जा.