वेअरवुल्फ (लांडग्याचं रूप घेणारा माणूस) ठरवून खरंच कुणाला शिक्षा झाली होती का?

हो, झाली होती. सगळ्यात गाजलेलं प्रकरण जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गचं. तिथे १५८९ मध्ये पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला चाकावर हाडं मोडून, मुंडकं उडवून जाळलं. १५९० मध्ये लंडनला छापलेल्या एका पत्रकात याची साद्यंत हकिगत आहे. सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधला की आपण लांडगा होतो, असं त्याने कबूल केलं. पट्टा दरीत टाकलाय म्हणाला, तिथे शोधला तर मिळाला नाही. मग काय, सैतानानेच परत नेला असणार, असं अधिकाऱ्यांनी ठरवून टाकलं! मात्र हा कबुलीजबाब छळाच्या धाकाने काढलेला होता, त्यामुळे त्याच्या नावावर घातलेले खून त्यानेच केले होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.