वाचक विचारतात: जर्मन सैनिक खरंच गोळ्या खाऊन लढायचे का?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याला झोप उडवायच्या गोळ्या वाटायचे असं ऐकलं, हे खरं की नुसत्या गप्पा? आणि आमच्या हॉस्टेलवर परीक्षेच्या वेळी पोरं घेतात ती गोळी तीच का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: खरंय. गोळीचं नाव पर्विटिन, म्हणजे मेथॅम्फेटामिन ऊर्फ मेथ हे उत्तेजक औषध, टेमलर कंपनीनं 1938 मध्ये बाजारात आणली आणि सुरुवातीला तर ती चिठ्ठीशिवाय मिळायची. 1940 च्या एप्रिल ते जुलैमध्ये सैन्य आणि हवाई दलाकडे या जातीच्या साडेतीन कोटी गोळ्या गेल्या, फ्रान्सवरची चढाई त्यातच झाली. पण सगळं यश गोळीचंच असं म्हणणं मला जरा अतीच वाटतं, रणगाडे आणि डावपेच काय झोपले होते का! गोळी मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही तरतरी आणणारी रसायनं वाढवते, थकवा जात नाही, फक्त कळत नाही, मग औषध उतरलं की माणूस कोसळतो आणि पुन्हा गोळी मागतो. 1941 मध्ये जर्मनीनंच तिच्यावर अफूच्या कायद्याखाली बंधनं घातली. जपानमध्ये हेच औषध फिलोपॉन नावानं विकलं जायचं, युद्धानंतर इतकं व्यसन पसरलं की 1951 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

हॉस्टेलवरची गोळी बहुतेक मिथाइलफेनिडेट असेल, ते एडीएचडीचं (लक्ष न टिकण्याच्या विकाराचं) औषध, मेथ नव्हे पण काम बरंचसं तसंच. भारतात दोन्ही एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतात, तेव्हा मित्राच्या पाकिटातली घेऊ नकोस, हृदयाचा त्रास असेल तर अजिबातच नको.