पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना ट्रेमोलो घ्यावा की फिक्स्ड ब्रिज?

तुम्ही म्हणताय अकॉस्टिकवरून इलेक्ट्रिकवर येतोय, ट्रेमोलोवाली गिटार (जिचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा अडकवलेला भाग, दांड्याने हलवून सूर खालीवर करता येतो) सुरात राहत नाही असं सगळे सांगतात, तर फिक्स्ड ब्रिजच घेऊ का. मी दोन्ही वाजवतो, त्यामुळे आधी उलट विचारतो, तुम्हाला जे वाजवायचंय त्यात तो दांडा लागतो का? हँक मार्विन, जेफ बेक वगैरे दांड्यावाले गिटारवादक ऐकून हात शिवशिवत असतील तर फिक्स्ड ब्रिज घेऊन चार महिन्यांत हळहळाल. पण नुसते कॉर्ड्स, रिफ्स आणि बोटांनी बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) एवढंच असेल तर हार्डटेल, म्हणजे फिक्स्ड ब्रिजवाली, घ्या आणि विषय संपवा, टेलीकास्टर किंवा लेस पॉल टाइप काहीही चालेल.

आता सुराचं. ट्रेमोलो ब्रिज म्हणजे रस्सीखेच, पुढून तारा ओढतात, मागून बॉडीच्या आतल्या स्प्रिंगा ओढतात आणि ब्रिज मधे कुठेतरी तोल सांभाळून उभा असतो. याला फ्लोटिंग म्हणतात. यात एक तार हलवली की बाकीच्या पाचही हलतात. समजा ड्रॉप डी करायचंय, म्हणजे सगळ्यात जाड ई तार उतरवून डी ला लावायचीय, ती उतरवली की पुढचा ताण कमी झाला, स्प्रिंगांनी ब्रिज मागे ओढला, बाकीच्या तारा चढल्या, मग त्या उतरवा, तर परत ब्रिज मागे आणि मगाशी लावलेली डी पण थोडी चढलेली, असं गोल गोल फिरत बसायचं. वाजवताना तार तुटली तरी तेच, उरलेल्या पाच बेसूर. एक तार बेंड करून शेजारची नुसती धरून ठेवायची असेल (कंट्री, ब्लूजमध्ये सारखं लागतं) तर ती शेजारची खाली घसरते. पाम म्यूट करताना (तळहात टेकवून आवाज दाबताना) हाताचा भार ब्रिजवर पडला तर सूर वर जातो. फिक्स्ड ब्रिजवर यातलं काहीच नाही.

पण सुरात राहत नाही याचं खापर लोक ब्रिजवर फोडतात ते अर्धंच खरं आहे. बऱ्याचदा दोषी असतो नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. दांडा दाबला की तार नटच्या खाचेतून सरकते आणि सोडल्यावर खाच अरुंद असेल तर पूर्ण परत येत नाही, अडकते. खुंटी फिरवताना 'टिंग' असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो ना, ते हेच. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तरी पुष्कळ फरक पडतो. नवीन तारा नीट ताणून न घेणं, खुंटीवर ढीगभर वेढे देणं, हे वेगळंच, तेवढ्याने फिक्स्ड ब्रिजची गिटार पण उतरते.

शिवाय मधला मार्ग आहे जो दुकानात कोणी सांगत नाही. स्ट्रॅटोकास्टरवर 1954 पासून जो ट्रेमोलो येतो तो टाइप घ्या आणि डेक करा. म्हणजे मागचं झाकण काढायचं, स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात तिचे दोन स्क्रू आवळत जायचे, ब्रिज बॉडीला चिकटून बसेपर्यंत, मग अजून थोडे. तीन स्प्रिंगांनी भागलं नाही तर चौथी, पाचवी लावा. आता दांडा फक्त खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही, पण ड्रॉप डी, तार तुटणं, बेंड हे सगळे त्रास जवळजवळ संपले. गिटारवादक एरिक क्लॅप्टन तर लाकडाचा तुकडा ठोकून ट्रेमोलो बंदच करून टाकतो, त्यामुळे नंतर मन बदललं तरी वाट मोकळी आहे. हार्डटेलवर मात्र नंतर ट्रेमोलो बसवायचा म्हणजे बहुतेकदा लाकूड कोरायला लागतं, जीवावर येतं.

फ्लॉइड रोझ हा लॉकवाला ट्रेमोलो मात्र पहिल्या गिटारवर नको, हे माझं ठाम मत. मस्त वस्तू आहे, तारा दोन्ही टोकांना लॉक होतात त्यामुळे दांड्याशी कितीही मस्ती करा, सूर जागेवर, एडी व्हॅन हेलनचं नंतरचं बरंचसं वादन त्यावरच. पण तार बदलायची म्हणजे तिचं गोळीवालं टोक कापा, ॲलन की शोधा, लॉक सोडा, लावा, ब्रिज परत लेव्हल करा, आणि तारेची जाडी बदलली की सगळं सेटअप पहिल्यापासून. वर स्वस्त गिटारवरच्या नकला मऊ धातूच्या असतात, ज्या धारेवर ब्रिज झुलतो ती झिजते आणि मग काहीही केलं तरी सूर परत येत नाही. शिकायच्या काळात तुम्हाला वाजवायचंय की ॲलन की फिरवत बसायचंय?

घ्यायला जाल तेव्हा दांडा लावून मागा, बऱ्याचदा तो पिशवीतच पडलेला असतो. गिटार सुरात लावा, दांडा चारपाच वेळा मनसोक्त दाबा, परत ट्यूनर बघा. थोडी हलली तर चालेल, एखादा मोठा बेंड मारून बघा, बऱ्याचदा परत येते. एकच तार दरवेळी बिघडत असेल तर नटची खाच, ते दुरुस्त होतं. पण सगळ्याच तारा दरवेळी वेगळ्या जागी थांबत असतील तर ब्रिजच नीट परत येत नाहीये, ती गिटार तिथेच ठेवा आणि दुसरी काढायला सांगा.