एकात एक लूप आणि फंक्शनल पद्धत

प्रश्न : शाळेच्या भूमितीत येणाऱ्या पायथागोरसच्या त्रिकुटांची यादी करणारा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आहे. तिन्ही बाजू १ ते १०० यांदरम्यान बदलाव्यात म्हणून एकात एक असे तीन फॉर लूप आहेत, सर्वांत आत इफची अट आहे आणि ती पूर्ण झाली की त्रिकूट आधी रिकाम्या ठेवलेल्या यादीत अपेंड होते. उत्तर बरोबर येते. परंतु हेच फंक्शनल पद्धतीने, म्हणजे लूपऐवजी फंक्शने एकमेकांना जोडून, लिहिल्यास प्रोग्राम जलद होईल, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. ते खरे आहे का, आणि हा बदल कसा करावा?

उत्तर : वेगाविषयीचे विधान जसेच्या तसे खरे नाही. आपले तीन लूप मिळून अट १०,००,००० वेळा तपासतात. तेच लूप लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच्या (चौकटी कंसांत फॉर आणि इफ लिहून यादी बनवण्याच्या रचनेच्या) एका ओळीत बसवले तरी तपासण्या तेवढ्याच राहतील. अपेंड वाचल्याचा फायदाही नगण्य आहे, कारण ते केवळ १०४ वेळा होते. या आकड्यावरून एक शंका येते : आपल्या यादीत मुळातली ५२ त्रिकुटे ३, ४, ५ आणि ४, ३, ५ अशी दोन-दोनदा आली असावीत.

फंक्शनल पद्धतीचा उपयोग येथे होतो, कारण ती लूपच्या आत एकमेकांत गुंतलेली कामे सुटी करून दाखवते. आपल्या प्रोग्राममध्ये शक्यता तयार करणे, त्या गाळणे आणि उरलेल्या जमवणे अशी तीन कामे आहेत. पहिल्या कामासाठी इटरटूल्स मॉड्यूलमधील प्रॉडक्ट हे सर्व शक्य जुळण्या देणारे फंक्शन वापरले, तर आपले तीन लूप हुबेहूब मिळतात. त्याऐवजी प्रत्येक निवड एकदाच देणारे कॉम्बिनेशन्स वापरले, तर बाजू चढत्या क्रमानेच येतात, दुबार त्रिकुटे निघून जातात आणि तपासण्या १,६१,७०० वर येतात. गाळण्यासाठी फिल्टर किंवा कॉम्प्रिहेन्शनमधील इफ पुरेसा आहे. यापुढची बचत मात्र गणिताची आहे : दोन बाजू ठरल्या की कर्ण ठरतोच, म्हणून केवळ ४,९५० जोड्या घेऊन पायथन ३.८ पासून उपलब्ध असलेल्या आयएसक्यूआरटी या फंक्शनने पूर्णांकी वर्गमूळ काढावे आणि ते नेमके येते का व १०० च्या आत आहे का, एवढेच पाहावे. हे साध्या लूपनेही साधले असते, हे कबूल करायला हवे. पण शक्यता कोठून येतात हे वेगळे दिसू लागले की असे प्रश्न सुचतात.

आतल्या लूपची सुरुवात बाहेरच्या लूपवर अवलंबून असेल, तर प्रॉडक्ट चालत नाही. अशा वेळी स्काला या भाषेमध्ये फ्लॅटमॅप (प्रत्येक घटकापासून यादी बनवून त्या सगळ्या एकत्र जोडणारे फंक्शन) वापरतात. तेथील फॉर ही रचना कंपायलर फ्लॅटमॅप, मॅप आणि विथफिल्टर यांच्यातच रूपांतरित करतो. पायथनने हॅस्केल या भाषेवरून घेतलेल्या आणि २००० साली २.० आवृत्तीत आणलेल्या लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये दुसरा फॉर पहिल्याचे चल वापरू शकतो. तेथे फॉरचा क्रम बाहेरून आत असाच, म्हणजे आपल्या लूपप्रमाणेच ठेवायचा असतो. नवखे तो हमखास उलटा लिहितात.

पहिली दहा त्रिकुटे मिळताच थांबायचे असेल, तर ब्रेकची गरज नाही. चौकटी कंसांऐवजी गोल कंस वापरल्यास जनरेटर, म्हणजे मागितल्यावरच पुढचा नग देणारी रचना, मिळतो, आणि इटरटूल्समधील आयस्लाइस त्यातून दहा नग मागून घेते; पुढची त्रिकुटे शोधलीच जात नाहीत.

एराटोस्थेनिसच्या चाळणीसारख्या (मूळ संख्या शोधण्याच्या पद्धतीसारख्या), एकाच यादीत खुणा करत पुढे जाणाऱ्या प्रोग्राममधील लूप मात्र तसेच राहू द्यावेत. ती चाळणी रिड्यूसने (यादीतील घटक एकेक करून एकाच निकालात गुंफणाऱ्या फंक्शनने) लिहून प्रत्येक पायरीला नवी यादी बनवत गेल्यास प्रोग्राम मंदावतो आणि वाचायलाही अवघड होतो.